आंधळ्या-बहिऱ्याची गाठ

मराठी भाषेत 'आंधळ्या-बहिऱ्याची गाठ' अशी एक जुनी म्हण आहे. एकमेकांच्या काडीइतक्याही उपयोगी न पडणारी दोन माणसे योगायोगाने एकत्र आली, म्हणजे तिचा उपयोग करतात. आंधळ्याने हाक मारावी तर बहिऱ्यास ती ऐकू येत नाही, आणि बहिऱ्याने खूण करावी तर आंधळ्यास ती दिसत नाही. तेव्हा अशा दोघांची गाठ पडली काय आणि न पडली काय, सारखेच, असा तिचा भावार्थ. आपल्या पूर्वजांचे निरीक्षण सूक्ष्म होते यात संशय नाही. तथापि ह्या म्हणीत त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. आंधळा एक आणि बहिरा दुसरा, अशी दोन निराळी माणसे त्यांच्यासमोर उभी होती. ही दोन्ही दुःखे एकाच देहात वस्तीस आली तर त्या माणसाने काय करावे, आणि अशा दोन माणसांची गाठ पडली तर काय होईल, हा प्रश्न म्हणीच्या कर्त्यास सुचला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ह्याच प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडणार आहोत.

हा प्रश्न केवळ म्हणकर्त्यासच सुचला नाही असे नव्हे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो; परंतु प्रत्येकजण आपापले सोंग घेऊन निरनिराळा येतो. अंधास आपण 'प्रज्ञाचक्षु' असे गौरवाचे नाव दिले, आणि विदर्भातील गुलाबराव महाराजांसारख्या विद्वान सत्पुरुषाने ते सार्थही करून दाखविले. बहिऱ्यास तसे गौरवाचे नाव मिळाले नाही. आणि जो दोन्ही आहे त्यास तर बरेवाईट कसलेच नाव मिळाले नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कास अपात्र अशा माणसांची यादी आहे. तीत जन्मांध व जन्मबधिर यांचा उल्लेख एकाच समासात येतो. पण तो समास द्विवचनी आहे. म्हणजे व्याकरणानेही तेथे दोन माणसेच पाहिली. त्यांस वाटा देऊ नये, पण अन्नवस्त्र आमरण द्यावे, अशी त्या शास्त्राची आज्ञा. ही आज्ञा दयेची आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्यास पोसावयाचे त्यास काही सांगावयाचे असेल, ही कल्पना तीत नाही. आम्ही पुढे ज्या माणसांस सोयीसाठी 'बधिरांध' म्हणणार आहोत, त्यांच्या वाट्यास हजारो वर्षे हीच दया आली.

पाश्चात्यांची स्थिती ह्याहून बरी होती असे कोणी समजू नये. इंग्लिश कायद्याचा प्रख्यात भाष्यकार ब्लॅकस्टोन याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जन्मतः बहिरा, मुका आणि आंधळा असलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने जडबुद्धीच होय. कारण ज्या द्वारांनी मनात कल्पना शिरतात ती द्वारेच त्यास नाहीत. तर्कसंग्रह शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यासही हा विचार परका वाटणार नाही. शब्द हा श्रोत्राने ग्रहण करावयाचा गुण, अशी तेथे त्याची व्याख्या आहे. मग ज्यास श्रोत्र नाही त्यास शब्द कोठचा, आणि ज्यास शब्द नाही त्यास विचार कोठचा? परंतु ब्लॅकस्टोनच्या आधी सोळा वर्षे, १७४९ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो याने अंधांविषयीच्या आपल्या पत्रात एक निराळी सूचना करून ठेविली होती. अशा बालकाच्या तळहातावर लहानपणापासून तीच ती अक्षरे रेखीत गेल्यास त्यास त्यांचा अर्थ का लागू नये, असे त्याचे म्हणणे होते. स्पर्शाची भाषा आपण अद्याप बनविली नाही, म्हणून ही माणसे मुकी राहतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे, असा त्यातील मथितार्थ. ही सूचना पुढे सुमारे नव्वद वर्षे तशीच पडून राहिली.

ती प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय अमेरिकेतील बोस्टन शहराच्या पर्किन्स अंधशाळेस व तिचे प्रमुख डॉ. सॅम्युएल हाऊ यांस आहे. न्यू हॅम्पशायर प्रांतातील शेतकऱ्याची मुलगी लॉरा ब्रिजमन हिचा जन्म १८२९ चा. दोन वर्षांची असता लोहितांग ज्वराने तिची दृष्टी व श्रवण दोन्ही गेली. वास व चव यांची संवेदनाही जवळजवळ नाहीशी झाली. राहिला तो केवळ स्पर्श. १८३७ मध्ये, सातव्या वर्षी, हाऊ यांनी तिला शाळेत आणिले. चमचा, सुरी, किल्ली अशा नित्याच्या वस्तूंवर त्यांनी उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. वस्तू चाचपावी, चिठ्ठी चाचपावी, पुढे सुट्या चिठ्ठ्या योग्य त्या वस्तूंवर ठेवाव्या, असा क्रम कित्येक आठवडे चालला. प्रथम हे सारे तिने माकडाने नक्कल करावी तसे केले. पण एके दिवशी, आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्याच्या मनात पोहोचविण्याचे हे साधन आहे, हा उलगडा तिला झाला आणि तिचा चेहराच पालटला, असे हाऊ यांनी लिहून ठेविले आहे. पुढे ती बोटांच्या खुणांनी दुसऱ्याच्या तळहातावर अक्षरे काढून भराभर बोलू लागली. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या प्रवासात तिला भेटला, आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिलेल्या हकीकतीमुळे तिचे नाव जगभर झाले.

लॉराच्या चरित्रातील एका प्रसंगाकडे इतिहासकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. वयात आल्यावर, आता हिचे शिक्षण पुरे झाले, असे समजून तिला माहेरी पाठविण्यात आले. घरची माणसे प्रेमळ होती. अन्नवस्त्रास काही उणे नव्हते. परंतु शेतावरच्या कामाच्या धांदलीत तिच्या हातावर बोलत बसावयास कोणास सवड नव्हती. ती झुरू लागली, आजारी पडली, आणि अखेर तिला पर्किन्समध्ये परत आणावे लागले. तेथेच ती १८८९ मध्ये वारली. मनूने सांगितलेली दया तिला घरी पुरेपूर मिळत होती. जगण्यास मात्र ती पुरेशी पडली नाही.

ह्यानंतरची कथा वाचकांस ठाऊकच आहे; निदान निम्मी तरी ठाऊक आहे. हेलन केलरचा जन्म अलाबामा प्रांतातील टस्कंबिया गावी, २७ जून १८८० रोजी झाला. एकोणीस महिन्यांची असता दुखण्याने तिचे डोळे व कान गेले. ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन ही तरुण शिक्षिका तिच्या घरी आली. आणि महिनाभराने पंपाच्या धारेखाली हात धरून दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द लिहिताच त्या मुलीस भाषा सापडली. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी हा प्रसंग घरोघर पोहोचविला, आणि २००५ मध्ये 'ब्लॅक' ह्या हिंदी चित्रपटाने तो पडद्यावर आणिला. पण ही कथा सांगताना तिचा पूर्वार्ध बहुधा गाळला जातो. हेलनच्या आईस आशा वाटली ती डिकन्सच्या पुस्तकात लॉराची हकीकत वाचून. ॲन सलिव्हन ही अनाथालयात दिवस काढलेली, अर्धवट दृष्टीची मुलगी पर्किन्समध्ये शिकली, तेव्हा वृद्ध लॉरा तेथेच राहत होती. तिच्याशी बोलता यावे म्हणून ॲनने बोटांची लिपी शिकून घेतली होती. टस्कंबियास जाताना पर्किन्सच्या मुलांनी हेलनसाठी जी बाहुली दिली, तिचे कपडे लॉराने आपल्या हाताने शिवले होते. म्हणजे पंपाजवळचा तो चमत्कार एका शिक्षिकेच्या प्रतिभेतून अकस्मात प्रकट झालेला नव्हे. एका बधिरांध स्त्रीच्या हातून निघालेली भाषा ॲनच्या हातावाटे दुसऱ्या बधिरांध मुलीच्या हाती पोहोचली. म्हणीने निरुपयोगी ठरविलेली गाठ ती हीच; फरक इतकाच की, ती पडण्यास मध्ये एक तिसरा हात लागला.

आम्ही राहतो ते मेहरूण हे एके काळी जळगावाबाहेरचे गाव. त्याचा तलाव आणि त्याची बोरे खानदेशात सर्वांस ठाऊक. आज ते शहरातच मोडते. येथून जवळच असलेल्या असोदे गावी, हेलननंतर दोन महिन्यांच्या आत, २४ ऑगस्ट १८८० रोजी, बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. ह्या दोन समवयस्क स्त्रियांची तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. एकीने ऐकू येत नसता व दिसत नसता १९०४ मध्ये विद्यापीठाची पदवी मिळविली. दुसरीस दृष्टी व श्रवण दोन्ही असून अक्षरओळख नव्हती. तरीही एका बाबतीत दोघींचे दैव सारखेच होते. बहिणाबाईंची गाणी जात्यावर व शेतात उमटली आणि तेथेच विरूनही गेली असती. चिरंजीव सोपानदेव व त्यांचे आप्त यांनी ती लिहून ठेविली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनाच्या दुसऱ्या वर्षी, ती महाराष्ट्रास मिळाली. मनुष्याच्या अंतरी कितीही असो, ते बाहेर येण्यास कोणाचा तरी हात लागतो.

हे आम्ही आज लिहितो. पण हे कळण्यास आम्हांस फार उशीर झाला, ती घरची गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. आमच्या वडिलांची थोरली बहीण अकाली वैधव्य आल्यामुळे आमच्याच घरी राहत असे. साठी उलटल्यावर आत्याबाईंचे कान गेले, आणि पुढे काचबिंदूने दृष्टीही गेली. त्या बोलू शकत होत्या. त्यांचे बोलणे आम्हांस नीट ऐकू येत होते. पण आमचे उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. प्रारंभी त्या पुष्कळ प्रश्न विचारीत. उत्तर येत नाही असे पाहून हळूहळू त्यांनी विचारण्याचे सोडले, आणि 'आत्याबाईंना आता काही कळत नाही' असे आम्ही घरात म्हणू लागलो. वेळच्या वेळी ताट जाई, अंथरूण घातले जाई, औषध दिले जाई. कोणी नावे ठेवावी असे काही घडत नव्हते. त्याच सुमारास एका समारंभात आम्ही हेलन केलर यांच्यावर तासभर व्याख्यान दिले, ते लोकांस आवडले, आणि रात्री घरी येऊन आत्याबाईंच्या खोलीवरून आम्ही सरळ झोपावयास गेलो. दोन्ही गोष्टींचा काही संबंध आहे, असे आमच्या पदवीधर बुद्धीस एकदाही वाटले नाही.

तो संबंध आमच्या धाकट्या कन्येने जोडला. ती त्या वेळी नऊ वर्षांची होती. आत्याबाईंस अक्षरे येत नव्हती, तेव्हा तळहातावर लिहून उपयोग नव्हता. मुलीने आपल्यापुरती एक भाषा बनविली. मनगटावर दोनदा थोपटले म्हणजे 'होय', तळहातावर एकदा बोट फिरविले म्हणजे 'नाही'. मनगटाभोवती बांगडीसारखी बोटे फिरविली म्हणजे आई. नाकावर चष्म्याच्या जागी चिमटा म्हणजे आम्ही. भाकरीसाठी तळहातावर तळहात थापावयाचा. पौषात तिने एकदा हातात मेहरूणचे बोर ठेविले, तेव्हा आत्याबाईंनी ते बराच वेळ बोटांत फिरविले, आणि संक्रांत आली का, म्हणून विचारले. मनगटावर दोनदा थोपटले गेले. मग त्यांनी प्रश्नांमागून प्रश्न विचारावयास आरंभ केला. त्यांच्या एका भाचीचे लग्न जमले का, असे त्यांनी विचारले. त्या लग्नास तीन वर्षे होऊन गेली होती. सबंध घर त्या लग्नास गेले होते, आणि कोणी त्यांस ते सांगितले नव्हते. मुलीने आमच्याकडे पाहिले. काय सांगावे हे आम्हांस सुचेना. अडचण उत्तर ऐकण्याची नव्हती, उत्तर देण्याची होती. आणि ती आत्याबाईंची नव्हती, आमची होती.

आमचे घर ह्यास अपवाद होते असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. देशाचा इतिहासही ह्याहून निराळा नाही. मुंबईत मूकबधिरांसाठी पहिली शाळा १८८५ मध्ये निघाली, आणि १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या मिलर्डबाईंनी अंधांची शाळा काढिली. पुण्यात अंधशाळा १९३४ मध्ये सुरू झाली. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी ठरली. ह्या सर्व संस्थांनी थोर कार्य केले. परंतु अंधशाळेचे शिक्षण कानावर उभे आणि बधिरशाळेचे डोळ्यावर. त्यामुळे ज्यास दोन्ही नाहीत त्यास दोन्ही दारे बंदच राहिली. स्वतः हेलन केलर १९५५ मध्ये, पाऊणशे वर्षांच्या घरात असता, भारतात आल्या. पंडित नेहरूंचा चेहरा त्या बोटांनी पाहत आहेत, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपण त्यांचा मोठा सत्कार केला. पण त्यांच्यासारख्या मुलांसाठी देशातील पहिली शाळा निघावयास आणखी बावीस वर्षे जावी लागली. १९७७ मध्ये श्रीमती बेरोझ वाच्छा यांनी मुंबईत ती स्थापिली आणि तिला हेलन केलर यांचेच नाव दिले. लॉरा पर्किन्समध्ये गेली त्यास तेव्हा एकशे चाळीस वर्षे झाली होती. पुढे १९९७ मध्ये सेन्स इंटरनॅशनल ह्या संस्थेचे भारतातील कार्य अहमदाबादेहून सुरू झाले.

कायद्याची गतीही अशीच मंद. शारीरिक व्यंगामुळे वारसाहक्क नाकारण्याची हिंदू धर्मशास्त्रातील तरतूद १९२८ च्या कायद्याने रद्द केली. मात्र जन्मतः वेडा किंवा जड असेल त्याचा अपवाद ठेविला, आणि तोही १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने गेला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार गणले होते. त्यांत अंध होते, बधिर होते, बधिरांध नव्हते. २०११ च्या जनगणनेतही त्यांस स्वतंत्र रकाना मिळाला नाही. बहुविकलांग अशा सुमारे २१ लाख माणसांच्या आकड्यात ते कोठे तरी मिसळून गेले. 'बहिरे-अंधत्व' हे नाव कायद्याच्या पुस्तकात उमटले ते २०१६ मध्ये. द्विवचनाचे एकवचन होण्यास इतका काळ लागला.

बधिरांधता म्हणजे अंधत्व अधिक बधिरता अशी साधी बेरीज नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अंध मनुष्य आपली उणीव कानाने भरून काढितो आणि बधिर डोळ्याने. ज्यास दोन्ही नाहीत त्याचा तो आधारच तुटतो. कारणेही निरनिराळी आहेत. गरोदरपणी आईस रुबेला झाल्यास बालकाचे डोळे व कान दोन्ही बिघडू शकतात. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ग्रेग यांनी १९४१ मध्ये ह्या रोगाचा बालकांच्या मोतीबिंदूशी संबंध दाखवून दिला. आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. 'अशर' नावाच्या आनुवंशिक विकारात मूल बहिरे जन्मते आणि वयाबरोबर त्याची दृष्टीही आटत जाते. सर्वांत मोठा वर्ग मात्र वार्धक्याने असे झालेल्यांचा आहे. ते आपल्याच घराच्या माजघरात बसलेले असतात. बधिरांधांच्या जागतिक महासंघाने २०१८ च्या अहवालात हजारी दोनपासून शेकडा दोनपर्यंत असे त्यांचे प्रमाण दिले आहे. त्यातील लहान प्रमाण धरिले, तरी २०११ मध्ये साडेचार लाखांहून अधिक वस्ती असलेल्या आमच्या जळगाव शहरात अशी नऊशे माणसे असावयास हवीत. आम्ही आयुष्यात एकच पाहिली, आणि तिलाही नीट पाहिली नाही.

आता म्हणीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अशा दोघांची गाठ पडली तर काय होते? १९७७ मध्येच न्यूयॉर्क येथे हेलन केलर यांच्या नावाने पहिली जागतिक परिषद भरली आणि बधिरांधांच्या हक्कांचा जाहीरनामा तीत संमत झाला. २००१ मध्ये न्यूझीलंडातील ऑकलंड येथे बधिरांधांनी स्वतःचा महासंघ स्थापिला. तोवर त्यांच्याविषयी बोलत ते शिक्षक, वैद्य आणि दाते. आता ते स्वतः बोलू लागले. पण ह्याहूनही मोठी गोष्ट सिएटल शहरात २००७ च्या सुमारास घडली. तेथील काही बधिरांध मंडळींच्या ध्यानात आले की, आपण एकमेकांशीदेखील दुभाष्यामार्फत बोलत आहो. त्यांनी दुभाष्यांस बाजूस ठेविले आणि एकमेकांच्या जवळ येऊन बसले. एकाने हाताने बोलावे, दुसऱ्याने त्याच्या मांडीवर बोटे टेकवून 'ऐकतो आहे', 'हसलो', 'पटले नाही' हे त्याच क्षणी कळवावे. तिघे असल्यास तिघांचे हात गुंतावे, अशी रीत त्यांच्यात पडली. तिला ते 'प्रोटॅक्टाइल' म्हणतात. डोळस व श्रवणक्षम माणसांच्या भाषेची ती नक्कल नव्हे. स्पर्शातून स्पर्शासाठी उपजलेली ती भाषा आहे. दिदरोने जी भाषा नाही म्हणून खेद केला, ती अखेर ज्यांची गरज त्यांनीच घडविली. त्या मंडळींत बसलेला मनुष्य काही दुःखी, एकाकी, कोणी तरी उद्धरावयाचा असा नसतो. तो गप्पा मारतो, वाद घालतो, एखाद्याची थट्टा करतो. समाज म्हणतात तो ह्याहून निराळा काय असतो?

आत्याबाईंस हे सुख मिळाले नाही. कन्येच्या हातामुळे त्यांची शेवटची चार वर्षे घरातल्या माणसांत गेली, एवढे समाधान आम्हांस आहे. लग्ने, बारशी, मृत्यू, भाव, पाऊस, सारे त्यांस कळू लागले. आणि त्यांस सर्व काही कळत होते, हे आम्हांस कळले. पण त्यांच्यासारखीच दुसरी कोणी, जिला हातावर हात ठेवून त्यांनी 'तुलाही असेच होते का?' असे विचारावे, ती त्यांस कधी भेटली नाही. ती कदाचित ह्याच मेहरूणमध्ये, दोन गल्ल्या पलीकडे, अशाच एखाद्या खोलीत बसलेली असेल. तिच्याकडेही वेळच्या वेळी ताट जात असेल. दोघींची गाठ घालून देणे हे आमच्यासारख्या डोळस, कान शाबूत असलेल्या माणसाचे काम होते. आणि ते आम्हांस सुचले नाही.

आमच्या वाचकांच्या घरांतही असे एखादे वडील माणूस असेल. त्यांच्या खोलीत ताट ठेवून परतण्यापूर्वी घटकाभर बसावे आणि त्यांचा हात हाती घ्यावा. होय आणि नाही यांच्या दोन खुणा ठरविल्या, तरी आरंभास पुरेत. त्यांनी वर्षांपूर्वी विचारलेले काही प्रश्न अद्याप उत्तरावाचून राहिले असतील, तेवढे आधी विचारून घ्यावे. आणि शेजारीपाजारी तसे दुसरे कोणी असल्यास, एखाद्या दुपारी दोघांस एकाच ओसरीवर आणून बसवावे. म्हण काय म्हणते, ते मग आपोआप पाहता येईल.